बाहेर जायचं दार

७ जानेवारी

धाकटीस,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मनापासून आहे की नाही ते पुढे बघू.

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या भावजींचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण माणूसच कुरकुरणारा, गुडघा त्याच्यावर गेला. फोन केला नाही, कारण फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणशील, मी फोन आपटेन आणि आणखी काही वर्षं तशीच जातील. पत्र आपटता येत नाही.

कामाचं सांगते. साथीच्या काळात सरकारनं जे तातडीचे नियम काढले, त्यांनी छोट्या धंद्यांचं काय झालं ते बघायला आढावा समिती नेमली आहे, हे तुला मी सांगायला नको. तू त्याच इमारतीत बसतेस. ती समिती पुढच्या महिन्यात आमच्याकडे येणार आहे, नगरभवनात सुनावणी आहे. व्यापारी संघानं ठरवलं की प्रत्येक गल्लीतून एकानं बोलायचं. आमच्या गल्लीनं मला निवडलं, एकमतानं. मी नको नको म्हटलं, पण फार वेळ नाही म्हटलं.

बोलायचं आहे ते दोन दारांच्या कलमावर. साथ गेली, जमिनीवर रंगवलेली वर्तुळं पुसली गेली, तोंडावरच्या पट्ट्या गेल्या, दाराशी ठेवलेल्या बाटल्या गेल्या. ते कलम मात्र गेलं नाही. ते हळूच परवान्याच्या नूतनीकरणात जाऊन बसलं. आत यायला एक दार आणि बाहेर जायला दुसरं, नसेल तर वर्षअखेरीनंतर परवाना नाही. आता आमच्या गल्लीत चावीवाला, छत्रीवाला, पुस्तकं बांधणारा, सगळे एका दाराचे. त्यांच्या पाठीला पाठ लावून पलीकडच्या गल्लीची दुकानं आहेत. दुसरं दार काढायचं कुठे, शेजाऱ्याच्या पोटात?

ते कलम तू लिहिलंस हे मला माहीत आहे. आता ते आमच्या संघाच्या सेक्रेटरीलाही कळलं आहे. कुठून कळलं ते विचारू नकोस, त्याचे कान मांजरासारखे आहेत. त्याचं म्हणणं असं की मी सभागृहात उभं राहावं आणि सांगावं, हे कलम लिहिणारी माझी सख्खी बहीण आहे आणि तिनं आधी माझंच दुकान बंद केलं. नियमाला चेहरा मिळाला की नियम पडतो, असं तो म्हणतो. भावजी म्हणतात, कलम पडेल पण त्याबरोबर तूही पडशील, वर्तमानपत्रं तुला सोडणार नाहीत.

मी सेक्रेटरीला विचार करते म्हणून सांगितलं आहे. खरंच करते आहे. तुला आधी कळवलं, कारण पाठीमागून वार करायची आपल्या घरची रीत नाही.

ताई
(तुझ्या भाषेत मालकीणबाई)


१६ जानेवारी

धाकटीस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की माझा पाय शिलाईच्या मशीनवरून उठतो. त्या बिचाऱ्याला वाटतं, मी त्याच्या पँटच्या चेनबद्दल बोलायला येते आहे. तो आता समोरच्या फुटपाथवरून जातो.

सुनावणीत काय बोलायचं याची तालीम चालू आहे. भावजी समिती होतात. खुर्चीत बसतात, मान हलवतात आणि पाचव्या वाक्याला डुलकी काढतात. खरी समितीही हेच करील, असं वर मलाच ऐकवतात. म्हणून आता तालीम तुझ्यावर करते. तुला डुलकी लागली तरी मला दिसणार नाही.

सुरुवातीला सगळंच बंद होतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. माणसं मरत होती. मी घरी बसून इस्पितळासाठी मुखपट्ट्या शिवल्या, बाबांच्या कात्रीनं कापून. मग दुकानं उघडायची वेळ आली आणि तुझं कलम आलं. मोठ्या दुकानांना काय, त्यांना पुढून दार, मागून दार, माल उतरवायचं तिसरं दार. ती लगेच उघडली. आम्ही गल्लीतले आपापल्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून बघायचो, आमचीच गिऱ्हाइकं तिथून नवे शर्ट घेऊन निघायची.

बाबांचं दुकान आहे तसंच आहे. पुढे दार आणि फळी, मध्ये मशीन, मागे पडदा लावून कपडे घालून बघायची जागा, आणि तिच्या बाजूला बोळात उघडणारी खिडकी. त्या खिडकीकडे बघून बाबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. आपल्याकडे नवं शिवायला कुणी येत नसे. थोरल्याचा कोट धाकट्याच्या मापाचा करून घ्यायला यायचे, गुडघ्याला ठिगळ लावून घ्यायला यायचे, आणि सगळ्यात जास्त यायचे ते कॉलर पलटून घ्यायला. झिजलेली कॉलर पट्टीपासून उसवायची, उलटी करायची, झिजकी बाजू खाली घालवायची आणि पुन्हा शिवायची. शर्टाला आणखी चार वर्षं मिळतात. पण पडद्यामागे तो शर्ट घालून बघितला की माणसाला फळीपाशी थांबलेल्या सगळ्यांसमोरून बाहेर पडावं लागायचं. शाळेतले मास्तर असोत, बँकेतले कारकून असोत, मान खाली घालून जायचे. बाबा म्हणायचे, इथे दार असतं तर माणूस ताठ मानेनं बाहेर पडला असता. दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी दाराऐवजी मशीन दुरुस्त करावं लागायचं.

त्या खिडकीचं मी दार केलं. गज कापून घेतले, जुन्या बेतायच्या टेबलाच्या फळ्यांची भावजींनी आत-बाहेर पायरी केली. सगळ्या गल्लीनं येऊन बघितलं. छत्रीवाला पहिला बाहेर पडला, मान खाली घालायला विसरला आणि टेंगूळ घेऊन गेला. तरी आनंदात होता. मग मी रीतसर तपासणीसाठी अर्ज केला, आणि पथकाच्या गाडीतून कोण उतरलं? तू.

मला वाटलं, चला, काम झालं, घरचंच माणूस आलं. अंगात कोट, गळ्यात ओळखपत्र. सगळी गल्ली आपापल्या दारात उभी. तू खिशातून टेप काढलीस, ती गुंडाळलेली कापडी टेप, आपली, शिंप्याची. गुडघ्यावर बसलीस आणि डाव्या हातानं खिडकीचा उंबरा मोजलास. मग उठून माझ्या चपलांकडे बघत म्हणालीस,

“मालकीणबाई, उंबरा दोन बोटं उंच आहे. म्हाताऱ्या माणसाला पाय उचलता येणार नाही. परवानगी देता येत नाही.”

दुकान बंद राहिलं त्याचं काही वाटलं नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. वाटलं. पण त्याहून जास्त लागलं ते मालकीणबाई. जिला मी कडेवर घेऊन मशीन चालवायला शिकले, जिच्या शाळेच्या गणवेशाची दुमड दर वर्षी मी सोडली, तिनं गल्लीसमोर मला परकं करावं? त्यावर मी तुला जे ऐकवलं ते तुझ्या लक्षात असेल. यापुढे या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस म्हणाले. दोन बोटं उंच असो की नसो.

बाकीचं तुला माहीत नाही, म्हणून ते अभिमानानं सांगते. भावजींनी छिन्नी घेऊन तो उंबरा तासला. दुसरे साहेब येऊन मोजून गेले, पास झालं. गल्लीत दोन दारांचं दुकान मग एकच, आपलं. मी चावीवाल्याला म्हटलं, तुझं यंत्र उचल आणि इकडे ये. त्याचा एक दिवस, छत्रीवाल्याचा एक, पुस्तकवाल्याचा एक, उरलेले माझे. एका वेळी आत एक कारागीर आणि एक गिऱ्हाईक. नियमात लिहिलं होतं की दोन दारं हवीत, एका दुकानात एकच धंदा हवा असं कुठे लिहिलं होतं? पाटीसुद्धा पुस्तकवाल्यानं रंगवली, चारही धंद्यांची. कुणीतरी तक्रार केली म्हणे. मी पथकाची वाट बघत कमरेला पदर खोचून तयार होते. पथक काही आलं नाही. आमचं नशीब.

गल्लीतला एकही धंदा आम्ही मरू दिला नाही. एक सोडून. घड्याळजी आले नाहीत. लहानपणी आपण ज्यांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या राहायचो, तेच घड्याळजी. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून मी घड्याळ उघडणार नाही म्हणाले. मी हात जोडले, भावजींनी हात जोडले. नाही म्हणजे नाही. आता मोठ्या दुकानाच्या काउंटरवर उभे राहून घड्याळांचे पट्टे बदलून देतात.

हे सगळं समितीसमोर बोलायचं आहे. लांबलं का?

ताई


२९ जानेवारी

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. ‘तुला जे खरं वाटतं ते सांग. माझी काळजी करू नकोस. माझं जे आहे ते मी तिथे सांगेन.’ खाली सही, तीसुद्धा फाइलवर करतेस तशी. मी ते भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, छान लिहिलं आहे. मी म्हटलं, याला लिहिणं म्हणतात? निदान दुकान कसं चाललंय, गुडघा कसा आहे, एवढं तरी. त्यावर ते म्हणाले, तिनं तरी तुझ्यासारखं चार पानं भरून स्वतःचं कौतुक केलं नाही.

तुमच्या दोघांचं आधीपासूनच साटंलोटं आहे.

सेक्रेटरीनं एका वर्तमानपत्रवाल्याला दुकानात पाठवलं. चांगला पोरगेलासा माणूस होता, त्याच्या जाकिटाचा खिसा फाटला होता, तो मी शिवून दिला. मग त्यानं विचारलं, तुमच्या कुणा नातेवाइकाचा या नियमाशी काही संबंध आहे का? मी म्हटलं, माझ्या सगळ्या नातेवाइकांचा कशा ना कशाशी संबंध आहे, आम्ही मोठं घराणं आहोत. आम्ही दोघीच बहिणी आहोत हे त्याला काय ठाऊक. खिसा शिवून घेऊन गेला.

सेक्रेटरी भडकला. माझ्या एका दुकानाचा प्रश्न नाही, शहरातल्या सगळ्या एका दाराच्या दुकानांचा आहे, आणि मी घरच्या माणसाला पाठीशी घालते आहे, असं म्हणाला. ते मला झोंबलं, कारण त्यात तथ्य आहे. चावीवाल्याच्या बायकोनं परवा विचारलं, परवाना गेला तर पुन्हा तुमच्या दुकानात जागा द्याल ना? मी हो म्हटलं. पण तिनं विचारावं आणि मी द्यावी, यात कसला आला धंदा? त्या माणसाला स्वतःचं दुकान आहे, स्वतःचं दार आहे, वडिलांपासून चालत आलेलं. एकच आहे, पण त्याचं आहे.

मग मी घड्याळजींना गाठलं, मोठ्या दुकानात, पट्टा बदलायच्या निमित्तानं. त्यांना म्हटलं, सांगा, नाव घेऊ की नको? त्यांनी पट्टा बसवला, काच पुसली.

“तिचं नाव घेतलंस तर माझं दुकान परत येणार आहे का?”

“तुमचं नाही. पण चावीवाल्याचं वाचेल.”

“मग चावीवाल्याचं नाव घे. तिथे कुणाची नावं घ्यायची हे तुझ्या हातात आहे.”

पैसे घेतले नाहीत. काउंटरच्या दुकानात पैसे न घेता काम केल्याबद्दल त्यांना बोलणी बसली असतील, पण ते मागे वळून बघणाऱ्यातले नाहीत.

तर असं आहे. मी अजून रागावलेली आहे, हे ध्यानात असू दे.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकटीस,

उद्या सुनावणी. हे पत्र तुला सुनावणीनंतरच मिळेल, तरी लिहिते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की मी तिथे उभी राहिल्यावर ठरवलं.

तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही. याला प्रेम समजू नकोस, हा माझा हट्ट आहे. कलम वाईट आहे म्हणून पडायला हवं, ते कुणाच्या बहिणीनं लिहिलं म्हणून नाही. तुझं नाव घेऊन जिंकले तर लोक तुझ्यावर ओरडतील, दोन दिवस मजा घेतील, आणि पुढच्या साथीला दुसरं कुणी तसंच कलम लिहील. मी चावीवाल्याचं बोलेन, छत्रीवाल्याचं बोलेन, घड्याळजींचं बोलेन. तेवढ्यावर पडलं तर पडलं.

नाही पडलं तर गल्ली मला जन्मभर ऐकवील. ते मी सोसेन, माझी पाठ रुंद आहे.

तू तिथे सरकारच्या बाजूला बसणार असं ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. बघितलंस तर चपलांकडे नको. मी नव्या घेतल्या आहेत, पण त्या चावतात.

ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

तू तिथे होतीस, मग मी हे का लिहिते असं म्हणशील. तू समोर बघत होतीस. माझ्या बाजूनं काय दिसलं ते तुला कसं कळणार?

मी बोलले ते तू ऐकलंस. अध्यक्षाबाईंना डुलकी लागली नाही, हे भावजींना आठ वेळा सांगून झालं. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी उलट मलाच थांबवून विचारलं की कॉलर पलटतात म्हणजे नक्की काय करतात. मी भावजींच्याच शर्टाची कॉलर उलगडून दाखवली. चार धंद्यांच्या पाटीचं सांगितलं तेव्हा सभागृह हसलं, आणि घड्याळजींचं सांगितलं तेव्हा अध्यक्षाबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. घड्याळजी मागच्या रांगेत होते. सुट्टी टाकून आले होते, पण मला कळू दिलं नव्हतं.

मग तो सरकारी वकील उठला. संबंधित विभागानं तज्ज्ञांच्या सल्ल्यानं सदर तरतूद केली होती, वगैरे वगैरे. सगळं तोंडात लोणी धरून. अध्यक्षाबाईंनी विचारलं, हे कलम मुळात सुचलं कुणाला? वकील म्हणाला, विभागाला. सेक्रेटरीनं मला कोपर मारलं, आत्ता, आत्ता म्हणाला. मी समोरच्या भिंतीवरचा पंखा बघत बसले. बाई दुसऱ्या कलमाकडे वळणार एवढ्यात तुझी खुर्ची वाजली.

“विभागाला नाही, मॅडम. मला सुचलं. लिहिलंही मीच.”

वकिलानं तुझी बाही ओढली. ते माझ्या बाजूनं स्पष्ट दिसलं. तू बाही सोडवून घेतलीस, तेही दिसलं.

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. तू सांगितलंस की पहिल्या आठवड्यांत औषधाच्या दुकानांत एकाच दारात आत जाणारे आणि बाहेर येणारे एकमेकांवर आदळत होते, तिथूनच आजार पसरत होता, काहीतरी लगेच करणं भाग होतं. दोन दारं म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे एकच दुकान आलं. वडिलांचं. पडदा, बोळातली खिडकी, आणि मान खाली घालून जाणारी माणसं. तू म्हणालीस, मला वाटलं प्रत्येक छोट्या दुकानाला कुठे ना कुठे अशी एक खिडकी असते, फक्त दार काढायला निमित्त लागतं, नियम झाला की सगळ्यांना ते दार मिळेल. चारी बाजूंनी भिंत असलेलं दुकान मी डोळ्यांपुढे आणलंच नाही.

बाबांचं दार तू अख्ख्या शहराला द्यायला निघाली होतीस. आणि मला वाटत होतं, तू वरच्या खोल्यांत बसून आम्हाला विसरलीस. अगं वेडे, तू विसरली असतीस तर कलम बरं झालं असतं.

त्याच दुकानाच्या तपासणीला तू स्वतः गेली होतीस आणि परवानगी नाकारलीस, हेही तू सांगितलंस. अध्यक्षाबाईंनी विचारलं, म्हणजे तेच दुकान तुम्ही स्वतः बंद ठेवलंत?

“हो. उंबरा उंच होता. माझं मोजमाप बरोबर होतं. कलम चुकीचं होतं. आज तशीच वेळ आली तर मी उंबरा पुन्हा मोजेन, पण कलम तसं लिहिणार नाही. आणि ते कधी संपेल हे त्यातच लिहीन. ते त्या वेळी लिहायचं राहिलं, म्हणून ही माणसं आज इथे बसली आहेत.”

“आणि त्या दुकानाला दुसरं दार मिळालं का?”

“ताईनं काढलं.”

“ताई म्हणजे कोण?”

“आत्ता बोलल्या त्या. माझी मोठी बहीण.”

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. सेक्रेटरीचं तोंड उघडं ते उघडंच. त्याला हवं होतं तेच झालं होतं, पण भलत्याच बाजूनं. मी रडले नाही. भावजी रडले आणि माझ्या रुमालाला नाक पुसलं.

त्या दिवशी तपासणीला आली होतीस तेव्हा ताई म्हणाली असतीस तर तुझ्या हातातली टेप गळून पडली असती, हे मला काल कळलं. मग एवढं मोठं मालकीणबाई कशाला, नुसतं ‘बाई’ म्हणायचं. पण असो. इतक्या लोकांदेखत, वकील बाही ओढत असताना, आपलं ते आपलं म्हणून पदरात घेणारी माणसं मी फार बघितली नाहीत. माझी बहीण तशी आहे हे मी काल घरी येताना वाटेत भेटेल त्याला सांगितलं, पोस्टमनला थांबवून सांगितलं.

तू लगेच गाडीत बसून गेलीस. मी रागावले नाही. तुला वरून फोन येत होते हे दिसत होतं.

ताई


९ मार्च

धाकटे,

समितीनं दोन दारांचं कलम परवान्यातून काढायची शिफारस केली, आणि तुमच्या विभागानं तोवर नूतनीकरणं थांबवू नयेत असं पत्रक काढलं. तुझी सही नव्हती त्यावर. तुला त्या टेबलावरून हलवलं असं कळलं. भावजी हळहळले. मी म्हटलं, हलवू देत. तिला कुठल्याही टेबलावर बसवा, ती नीटच मोजेल.

चावीवाल्याला परवाना मिळाला. त्यानं दुकानाला रंग दिला, तो असा भडक आहे की छत्रीवाल्याला डोळे मिटून पुढून जावं लागतं. सेक्रेटरी सगळीकडे सांगत फिरतो की हे सगळं आधीच ठरलं होतं. घड्याळजी परत येणार नाहीत. मी पुन्हा जाऊन विचारलं. हात आता कापतो म्हणाले, तीन वर्षं नुसते पट्टे बदलले, बारीक काम हातातून गेलं. समितीच्या अहवालात त्यांच्यासारख्यांसाठी एक परिच्छेद आहे म्हणे. एक परिच्छेद. ते मी त्यांना सांगितलं नाही. तुलाही याचं वाईट वाटेल हे माहीत आहे, आणि वाटायलाच हवं, म्हणून लिहिलं.

आपलं बोळातलं दार मी बुजवलं नाही. आता नियम नाही तरी लोक त्यातूनच जातात. परवा एक मास्तर आले होते, शर्ट घालून बघितला, आणि पडदा सारून सरळ बोळात उतरले. मी मशीनवरून बघत होते. मान वर होती.

एक गोष्ट सुनावणीपासून मनात ठेवली आहे. पोस्टमनला सांगितली नाही, भावजींनाही नाही. सभागृहातून जाताना तू माझ्या अगदी जवळून गेलीस, तुझ्या हातात फाइल होती आणि तू बघितलं नाहीस. तुझ्या कोटाच्या आतल्या शर्टाची कॉलर पलटलेली होती. एवढी मोठी अधिकारी, हवे तेवढे नवे शर्ट घेशील. ते काम बाजारातलं नव्हतं. टोकांचे टाके हातानं घातलेले होते, आणि ते उलट्या बाजूला कलले होते. डावरीचे टाके तसेच कलतात. बाबा तुला ते टोक किती वेळा उसवायला लावायचे आणि तू फळीखाली जाऊन रुसून बसायचीस. सगळ्या शहरात असे टाके घालणारी एकच बाई आहे.

डावं टोक अजून नीट बसत नाही तुझं.

शनिवारी तो शर्ट घेऊन ये. मी उसवून पुन्हा घालून देते. पडद्यामागे घालून बघ आणि बोळातल्या दारानं बाहेर पड. उंबरा मोजायचा असला तर मोज.

ताई